डोरेमॉनची पहिली सिरीयल गेली कुठे?

डोरेमॉनची पहिली टीव्ही सिरीयल तुम्ही बघितलेली नाही, मीही नाही, आणि जपानमध्ये आज चाळिशीत असलेल्या माणसानंसुद्धा ती बघितलेली असण्याची शक्यता फार कमी. डीव्हीडीवर नाही, कुठल्या ॲपवर नाही, व्हिडिओ कॅसेटवर तर कधीच आली नाही. जगात एवढं गाजलेलं कार्टून, आणि त्याचं पहिलं रूप असं गायब कसं होऊ शकतं, हा प्रश्न मला माझ्या भाचीनं विचारला. ती सहावीत आहे, डोरेमॉन पाठ आहे तिला. "मामा, पहिला एपिसोड लाव ना, एकदम पहिला," एवढंच म्हणाली आणि मी शोधायला बसलो. उत्तर एका वाक्यात देता येत नाही, कारण त्यासाठी आधी हे समजून घ्यावं लागतं की टीव्हीवर एखादी गोष्ट दिसते म्हणजे नेमकं काय होतं, आणि ती पुढं टिकते म्हणजे काय होतं. या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. आपण त्या एकच समजतो.

सुरुवात कॉमिकपासून करू. डोरेमॉन हा मुळात कागदावरचा. डिसेंबर १९६९मध्ये शोगाकुकान या प्रकाशन संस्थेच्या सहा मासिकांत एकाच वेळी तो सुरू झाला, अंकांवर तारीख जानेवारी १९७०ची. ही मासिकं इयत्तेप्रमाणे निघायची, म्हणजे बालवाडीच्या मुलांचं वेगळं, पहिलीचं वेगळं, दुसरीचं वेगळं, असं चौथीपर्यंत. लेखक हिरोशी फुजिमोतो, टोपणनाव फुजिको एफ. फुजिओ, प्रत्येक वयाच्या मुलांसाठी वेगळी गोष्ट काढायचे. विचार करा, एकाच महिन्यात सहा वेगळ्या गोष्टी, आणि त्यातली भाषा त्या त्या वर्गाला झेपेल अशी.

मग तीन वर्षांनी टीव्हीवाले आले. १ एप्रिल १९७३ला निप्पॉन टेलिव्हिजन या चॅनलवर रविवारी संध्याकाळी सात वाजता डोरेमॉन सुरू झाला. अर्ध्या तासात दोन गोष्टी, एकूण २६ एपिसोड म्हणजे ५२ गोष्टी, आणि ३० सप्टेंबरला संपला पण. सहा महिन्यांत खेळ खलास. याचं एक कारण अगदी साधं होतं, त्याच वेळी दुसऱ्या चॅनलवर माझिंगर झेड लागायचं, राक्षसी आकाराचा लोखंडी रोबो, आणि १९७३ सालच्या पोरांना तो हवा होता. समोर आपला निळा, गोलमटोल, उंदराला घाबरणारा रोबो, त्याचं काय चालणार.

या पहिल्या सिरीयलमधल्या काही गोष्टी ऐकून आजच्या मुलांना नवल वाटेल. डोरेमॉनचा आवाज पुरुषाचा होता, कोसेई तोमिता नावाचे कलाकार. मग मध्यावर, चौदाव्या एपिसोडपासून, मासाको नोझावा आल्या, ज्या पुढं ड्रॅगन बॉलमधल्या गोकूचा आवाज झाल्या. म्हणजे गोकूनं आधी डोरेमॉन केलेला आहे! आणि सगळ्यात भारी म्हणजे कानेता किमोत्सुकी, यांनी १९७३मध्ये जियानचा आवाज दिला आणि नंतरच्या सिरीयलमध्ये सुनिओचा, म्हणजे आधी मारणारा झाले आणि मग मार खाणारा. नोरिको ओहारा आधी नोबिताची आई होत्या, पुढं २६ वर्षं स्वतः नोबिता झाल्या. शिवाय गाचाको नावाची एक बदकीण होती, ती कॉमिकमध्येही थोडाच वेळ होती, नंतर फारशी कुठं दिसली नाही.

आता मुद्द्याचं. ही सिरीयल हरवली कशी.

त्या काळी कार्टून बनायचं कसं ते डोळ्यासमोर आणा. पारदर्शक प्लास्टिकच्या पातळ शीटवर चित्र रंगवायचं, त्याला सेल म्हणतात, खाली रंगवलेलं बॅकग्राउंड ठेवायचं, वर कॅमेरा लावलेला, आणि एकेक फ्रेम फिल्मवर शूट करायची, टीव्हीसाठी बहुतेक वेळा १६ एमएमची फिल्म. या फिल्मची निगेटिव्ह धुवायला लॅबमध्ये जाते. तिथून प्रिंट निघतात, आवाज वेगळा रेकॉर्ड होऊन त्यावर चढतो, आणि चॅनलकडं जाते ती प्रिंट. निगेटिव्ह लॅबच्या कपाटातच राहते, स्टुडिओच्या नावावर. म्हणजे खरी वस्तू, जिच्यापासून परत परत कॉपी काढता येईल अशी, ती चॅनलकडं नसतेच! चॅनलनं फक्त ती दाखवलेली असते. हे बँकेच्या लॉकरसारखं समजा, दागिने तुमचे, लॉकर बँकेचं, भाडं तुम्ही भरायचं. आणि भाडं भरणारा माणूसच राहिला नाही तर?

नेमकं तेच झालं. डोरेमॉन बनवणारा स्टुडिओ होता निहोन तेरेबी दोगा. नाव ऐकून वाटतं चॅनलचाच असेल, कारण चॅनलचं जपानी नाव पण निहोन तेरेबीच, पण कंपनी वेगळी होती. सिरीयल संपली आणि स्टुडिओ बंद पडला. लोक पांगले. आता निगेटिव्ह कुणाची? तिचा खर्च कोण देणार? सेल आणि कागद कोण सांभाळणार? कुणी जाणूनबुजून नष्ट केलं असं नाही, फक्त सांभाळायची जबाबदारी ज्याची होती तोच शिल्लक राहिला नाही. बरंच सामान फेकलं गेलं. काही फिल्म नंतर लॅबकडं सापडल्या, आणि काही त्या सिरीयलवर काम केलेल्या, जुन मासामी या नावानं ओळखल्या जाणाऱ्या एका माणसानं जपून ठेवल्या होत्या म्हणून वाचल्या. त्यांनी त्यातल्या थोड्या छोट्या कार्यक्रमांत लोकांना दाखवल्या पण होत्या. बाकी काय आहे तर फोटो, कागदपत्रं, आठवणी.

तुम्ही म्हणाल, कुणीतरी घरी रेकॉर्ड केलं असेल की. इथंच १९७३ हे साल महत्त्वाचं ठरतं. सोनीचा बीटामॅक्स आला १९७५ला, व्हीएचएस १९७६ला. १९७३मध्ये सामान्य माणसाच्या घरात टीव्ही रेकॉर्ड करायचं मशीन नव्हतंच. म्हणजे एखादी सिरीयल लागली, बघितली, संपली. परत बघायची तर चॅनलनं परत लावायला हवी. कार्टून तरी फिल्मवर असायचं म्हणून त्याला थोडा चान्स होता, स्टुडिओत व्हिडिओ टेपवर शूट झालेल्या कार्यक्रमांची हालत याहून वाईट, कारण तेव्हाची टेप महाग होती आणि तीच पुसून परत वापरायचे. जपानच्या एनएचके या सार्वजनिक चॅनलचा ह्योक्कोरी ह्योतानजिमा हा लहान मुलांचा बाहुल्यांचा कार्यक्रम १९६४ ते १९६९ चालला, १२२४ भाग, आणि आज त्यातले मोजून आठ शिल्लक आहेत. आठ! त्यामुळं डोरेमॉनच्या बाबतीत काही जगावेगळं घडलं असं नाही, तो काळच तसा होता.

पण एक गोष्ट मात्र पूर्ण वाचली, टायटल साँग. हारुमी नाइतो यांनी गायलेलं ते गाणं रेकॉर्डवर निघालं होतं, म्हणजे ते एका वेगळ्या कंपनीनं, वेगळ्या दुकानातून, वेगळ्या हक्कानं विकलं. चित्र हरवलं तरी गाणं राहिलं, कारण गाण्याचा प्रवासच वेगळा होता. हे लक्षात ठेवा, पुढं हाच मुद्दा परत येणार आहे.

सिरीयल संपली तरी काही वर्षं छोट्या लोकल चॅनलवर तिच्या प्रिंट फिरत होत्या. मग १९७९मध्ये गंमतच झाली. नवीन डोरेमॉन सुरू झालेला आणि त्याच उन्हाळ्यात तोयामा भागातल्या चॅनलनं जुना डोरेमॉन परत लावला. तोयामा म्हणजे फुजिमोतोंचा स्वतःचा प्रांत, त्यांचं गाव ताकाओका तिथलंच. लेखकाच्या बाजूनं हरकत घेतली गेली आणि ते मध्येच बंद झालं. त्यानंतर पहिली सिरीयल टीव्हीवर आलीच नाही. कारण समजायला सोपं आहे, बाजारात दोन चेहऱ्यांचा, दोन आवाजांचा डोरेमॉन एकाच वेळी कशाला? नवीन मुलांना गोंधळ होणार. लेखकाला कॉमिकवर हक्क असतो, त्याच्या परवानगीशिवाय त्यावरचं कार्टून विकता येत नाही, आणि कार्टूनवरचे बाकीचे हक्क एका बंद पडलेल्या कंपनीत अडकलेले. म्हणजे उद्या सगळ्याच्या सगळ्या २६ एपिसोडच्या फिल्म कुणाच्या माळ्यावर सापडल्या तरी डीव्हीडी निघेलच असं नाही. वस्तू सापडणं वेगळं आणि ती विकायचा हक्क सापडणं वेगळं, आणि दुसरं पहिल्यापेक्षा अवघड.

आता दुसरा डोरेमॉन, जो आपल्याकडच्या नव्वदच्या दशकात जन्मलेल्या पोरांनी खरा बघितला.

शिन-एई ॲनिमेशन नावाच्या स्टुडिओनं हे काम घेतलं. त्यांचे प्रमुख दाइकिचिरो कुसुबे फुजिमोतोंकडं गेले. एकदा हात पोळलेला लेखक, त्यानं विचारलं की तुम्ही डोरेमॉन दाखवणार कसा ते सांगा. त्यावर कुसुबेंनी प्रस्ताव लिहून घेतला तो इसाओ ताकाहाता यांच्याकडून, जे पुढं जिब्ली या गाजलेल्या ॲनिमेशन स्टुडिओचे मोठे दिग्दर्शक झाले. मला ही गोष्ट फार आवडते, कारण लेखकाला काय पटलं असेल याचा अंदाज येतो, कुणीतरी त्याचं कॉमिक नीट वाचून, मुलांच्या बाजूनं विचार करून आलं होतं.

२ एप्रिल १९७९ला टीव्ही आसाहीवर नवीन सिरीयल सुरू झाली आणि तिची वेळ बघा, सोमवार ते शनिवार, संध्याकाळी ६:५० ते ७, फक्त दहा मिनिटं. रोज एक छोटी गोष्ट. रविवारी सकाळी आठवड्यातल्या गोष्टी एकत्र करून परत. जेवणाच्या आधीची दहा मिनिटं, आई हाक मारतेय, एवढ्यात एक गोष्ट संपते. मला वाटतं डोरेमॉन घराघरात बसला तो या दहा मिनिटांमुळं, कारण कॉमिकमधली गोष्ट पण तेवढीच असते, नोबिता रडत येतो, खिशातून गॅजेट निघतं, नोबिता त्याचा गैरवापर करतो, फजिती होते, संपलं. अर्ध्या तासाला ती ताणावी लागते, दहा मिनिटांत ती चपखल बसते. ऑक्टोबर १९८१पासून तो शुक्रवारी संध्याकाळी सातला गेला, अर्ध्या तासाचा झाला, आणि ती शुक्रवारची सात वाजताची वेळ २०१९पर्यंत त्याचीच राहिली. मग शनिवारी संध्याकाळी पाचला गेला.

नोबुयो ओयामा डोरेमॉन, नोरिको ओहारा नोबिता, काझुया तातेकाबे जियान, आणि ते आधी सांगितलेले किमोत्सुकी सुनिओ. २६ वर्षं हेच लोक. टायटल साँग कुमिको ओसुगी यांनी गायलेलं आणि संगीत शुनसुके किकुची यांचं, तेच जे ड्रॅगन बॉलचेही संगीतकार. मार्च २००५मध्ये ही सिरीयल थांबली तेव्हा एकूण गोष्टी झाल्या होत्या १७८७.

या आकड्यावर जरा थांबू, कारण "एपिसोड" या शब्दानं सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो. १७८७ हे अर्ध्या तासाचे एपिसोड नाहीत, त्या गोष्टी आहेत, बहुतेक दहा-बारा मिनिटांच्या. जपानमध्ये एक गोष्ट दहा मिनिटांच्या स्लॉटला गेली, नंतर दोन गोष्टी मिळून अर्धा तास झाला, आणि बाहेरच्या देशातल्या चॅनलनं आपल्या जाहिरातींच्या हिशोबानं कुठल्या पण दोन गोष्टी जोडल्या. त्यामुळं आपल्याकडं पाहिलेला "एपिसोड १२" जपानमधल्या एपिसोड १२शी जुळेलच असं अजिबात नाही. नेटवर यादी बघून कुणी म्हणालं की इतके एपिसोड भारतात आलेच नाहीत, तर आधी विचारायचं, मोजलंय काय, गोष्टी का अर्धे तास?

आणि आता घरी बघायच्या व्हिडिओचा हिशोब. १७८७ गोष्टी, दहा मिनिटांची एक धरली तर सुमारे ३०० तास. एका डीव्हीडीवर दोन तास घातले तर दीडशे डीव्हीडी. कोण विकत घेणार? आई-वडील पोरांसाठी एखादी घेतात, दीडशे नाही. त्यामुळं टीव्हीवर रोज येणाऱ्या मुलांच्या सिरीयलचं घरचं व्हिडिओ नेहमी "निवडक" असतं, हे कुणाच्या आळसामुळं नसतं, गणितामुळं असतं. मोठ्यांसाठीच्या २६ भागांच्या ॲनिमेचा, म्हणजे जपानी कार्टूनचा, सगळा संच निघतो कारण त्याचा ग्राहक कमावता असतो आणि त्याला सगळंच हवं असतं. पाच वर्षांच्या पोराला काय हवं असतं? तीच गोष्ट परत! एकाच डीव्हीडीवर त्याचं वर्ष निघतं. म्हणून जपानमध्ये डोरेमॉनच्या गोष्टी विषयानुसार निघाल्या, नवीन सिरीयलच्या तर ऋतूंप्रमाणे संच आहेत, वसंतातल्या गोष्टी, उन्हाळ्यातल्या गोष्टी, जे व्हिडिओ लायब्ररीतून भाड्यानं आणायला सोपं पडतं. जुन्या चाहत्यांसाठी "टाइम मशीन बॉक्स १९७९" नावाचा डीव्हीडी संच निघाला, सुरुवातीच्या वर्षातल्या गोष्टींचा, म्हणजे जे लोक तेव्हा लहान होते आणि आता पगार घेतात त्यांच्यासाठी. पण मधली वीस-पंचवीस वर्षं? त्यातला फार मोठा भाग दुकानात कधी आलाच नाही.

सिनेमांचं मात्र वेगळं आहे. १९८०पासून जवळजवळ दर वर्षी एक डोरेमॉन सिनेमा आला, २००५मध्ये आवाज बदलायचे होते म्हणून नाही आला, आणि सिनेमे जवळपास सगळे घरी बघायला मिळतात. दीड तासाची एकच वस्तू, पॅक करायला सोपी, विकायला सोपी. म्हणून परदेशात कुणी डोरेमॉन शोधला तर त्याला सिनेमे सापडतात आणि सिरीयल सापडत नाही, आणि वाटतं हा काहीतरी कट आहे. कट नाही, पॅकिंग आहे.

तिसरा डोरेमॉन सुरू झाला १५ एप्रिल २००५ला. एकाच दिवशी सगळे आवाज बदलले. वासाबी मिझुता डोरेमॉन, मेगुमी ओहारा नोबिता (आधीच्या नोरिको ओहारांशी आडनाव जुळतं, लिहायची अक्षरं वेगळी), आणि जियानचा आवाज सुबारु किमुरा, जो तेव्हा १४ वर्षांचा शाळकरी मुलगा होता. विचार करा, ज्या आवाजावर दोन पिढ्या मोठ्या झाल्या तो एका शुक्रवारी बदलतो. ओयामा तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या होत्या, कुठंतरी हे करावंच लागणार होतं, आणि एकेक आवाज बदलण्यापेक्षा सगळे एकदम बदलले हे मला तरी जास्त प्रामाणिक वाटतं. ओयामा सप्टेंबर २०२४मध्ये गेल्या, त्याच वर्षी जुलैमध्ये नोरिको ओहारा गेल्या होत्या. जपानमध्ये लोक खरंच रडले, आणि मी समजू शकतो.

आपल्याकडं काय झालं. २००५मध्ये हंगामा टीव्हीवर डोरेमॉन हिंदीत आला, आणि आला तो जुना, १९७९वाला. म्हणजे जपाननं जुना बंद करून नवा सुरू केला त्याच वर्षी आपण जुना सुरू केला. नंतर २००५ची नवी सिरीयल पण आली, तोपर्यंत हंगामा डिस्नेकडं गेलेलं, डिस्ने चॅनलवर पण लागायचा. महाराष्ट्रातल्या मुलांनी तो हिंदीतच बघितला, घरी मराठी आणि टीव्हीसमोर हिंदी, आमच्या आळीतली पोरं भांडताना पण नोबितासारखं "मुझे बचाओ" म्हणायची. हिंदीत डोरेमॉनचा आवाज बरीच वर्षं सोनल कौशल यांचा, आणि आमच्या पिढीसाठी डोरेमॉनचा खरा आवाज तोच, ओयामा आणि मिझुता नंतर कळल्या.

डबिंग नेमकं कसं होतं हे समजलं की बरेच प्रश्न सुटतात. जपानहून आपल्याकडं जे येतं त्यात आवाज दोन भागांत असतो, एक माणसांच्या संवादाचा आणि दुसरा संगीत आणि इफेक्टचा, ज्याला धंद्यात एम अँड ई म्हणतात. आपले लोक संवाद काढून हिंदी संवाद टाकतात, दार आपटलं, पाऊस पडला, मागं बासरी वाजली, ते सगळं जपानीच राहतं. हा दुसरा ट्रॅक वेगळा नसेल तर मोठी पंचाईत, मग सगळे आवाज नव्यानं बनवावे लागतात, आणि जुन्या कार्टूनच्या काही डबमध्ये संगीत वेगळंच ऐकू येतं त्यामागं बऱ्याचदा हे कारण असतं. टायटल साँग तर बहुतेक देश आपलं आपलं करतात, कारण गाण्याचे हक्क वेगळे, गायक वेगळा, मघाशी १९७३च्या गाण्याचं सांगितलं ना, तेच.

आता एका देशात डब झालेला आवाज कुणाचा? सहसा ज्यानं पैसे देऊन करून घेतला त्याचा, आणि करार ठरलेल्या वर्षांचा, ठरलेल्या देशांपुरता, ठरलेल्या माध्यमापुरता असतो. टीव्हीवर दाखवायचा हक्क घेतला म्हणजे डीव्हीडी काढायचा हक्क मिळत नाही. डीव्हीडीचा मिळाला म्हणजे ॲपवर टाकायचा मिळत नाही, जुन्या करारांत तर ॲप हा शब्दच नव्हता, तो कुठून येणार. करार संपला की चित्र मालकाकडं परत जातं आणि हिंदी आवाज एखाद्या कपाटात बंद राहतो. नवा चॅनल येतो, त्याला जुना डब मिळत नाही किंवा महाग पडतो, तो नवीन करतो. म्हणून लहानपणी ऐकलेला आवाज आज शोधून पण सापडत नाही. माझ्याकडं २००७-०८च्या सुमाराला घेतलेली एक व्हीसीडी होती, वर लिहिलेलं "फुल सिरीज", आत आठ गोष्टी, त्यातल्या दोन दोनदा. तेव्हा राग आला होता खूप. आज ती असती तर मी जपून ठेवली असती, कारण त्यातला डब मला परत कुठं ऐकायला मिळालेला नाही.

डब ही किती गंभीर गोष्ट असू शकते ते बांगलादेशात दिसलं. तिथली मुलं भारतीय चॅनलवरचा हिंदी डोरेमॉन इतका बघायला लागली की घरात हिंदी बोलायला लागली, आणि फेब्रुवारी २०१३मध्ये तिथल्या सरकारनं हिंदी डोरेमॉन दाखवणं बंद केलं. ज्या देशानं भाषेसाठी रक्त सांडलं त्यांना हे लागणारच. नंतर बांगला डब आला आणि डोरेमॉन परत आला, बांगला बोलत. मला मनापासून वाटतं, यात आपल्यासाठी पण विचार करण्यासारखं आहे, आपली पोरं गेली वीस वर्षं हाच डोरेमॉन हिंदीत बघत आलीत आणि आपण कधी मराठी डब मागितला का नीट?

अमेरिकेची गोष्ट आणखी वेगळी. तिथं डोरेमॉन इतक्या उशिरा पोचला की विश्वास बसत नाही, ७ जुलै २०१४, डिस्ने एक्सडीवर, आणि तो पण बदलून. नोबिताचा नोबी झाला, जियान बिग जी, सुनिओ स्नीच, येनचे डॉलर झाले, चॉपस्टिकच्या जागी काटे-चमचे आले, परीक्षेतल्या शून्याचा एफ झाला, डोरायाकीला, म्हणजे डोरेमॉनच्या आवडत्या गोड खाण्याला, "यमी बन" म्हणायला लागले. चित्रात खरोखर बदल करून पडद्यावरची अक्षरं बदलली. याचा अर्थ जगात आज २००५च्याच सिरीयलच्या पण दोन वेगळ्या चित्रप्रती आहेत, जपानची आणि अमेरिकेसाठी बदललेली. पन्नास वर्षांनी कुणी शोधायला बसेल तर त्याला कुठली खरी वाटेल? आपण भारतात जपानी चित्रावर हिंदी आवाज ऐकला, तातामी म्हणजे जमिनीवरच्या जपानी चटया, सरकणारी दारं, डोरायाकी सगळं तसंच राहिलं, आणि कुठल्या मराठी पोराला ते अवघड गेलं नाही. पोरांना दुसऱ्या देशाचं घर बघायला आवडतं. अमेरिकेतल्या मोठ्या माणसांनी मुलांवर तेवढा विश्वास ठेवला नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

आपण बघतोय तो कुठला डोरेमॉन हे ओळखायचं कसं, भाचीनं हे पण विचारलं. जुन्या सिरीयलमध्ये रंग थोडे मऊ असतात आणि चित्रावर कधीकधी बारीक धुळीचे ठिपके, ओरखडे दिसतात, ती सेल आणि फिल्मची खूण. चित्र चौकोनी, बाजूला काळ्या पट्ट्या. बऱ्याच ठिकाणी हेच चौकोनी चित्र आजच्या रुंद टीव्हीवर बसवायला वरून-खालून कापतात किंवा ताणतात, मग डोरेमॉन आहे त्याहून जाडा दिसतो, तसं दिसलं तर सेटिंग बघा. नवीन सिरीयलमध्ये रेघ अगदी स्वच्छ, रंग भडक, सगळं कॉम्प्युटरवर रंगवलेलं. तिला दोन मिनिटांत जमलं, मला जरा वेळ लागला होता.

आणि १७८७ गोष्टींचं काय झालं, त्या तरी नीट आहेत का. आहेत. ताकाओकाच्या, म्हणजे फुजिमोतोंच्याच गावाच्या, मध्यवर्ती वाचनालयात शिन-एईनं बनवलेल्या १९७९च्या सिरीयलच्या सगळ्या गोष्टी ठेवलेल्या आहेत. दुकानात ज्या कधीच मिळाल्या नाहीत त्या पण. तोच तोयामा प्रांत, जिथं १९७३वाला डोरेमॉन शेवटचा लागला आणि मध्येच बंद पडला होता. भाचीला मी नकाशावर ताकाओका दाखवलं, समुद्राच्या बाजूला, वरच्या किनाऱ्यावर. तिनं विचारलं की १९७३वाले पण आहेत का तिथं, मी नाही म्हणालो, तर ती म्हणाली मग ती बदकीण पण नसणार.